वडीची किंमत, बाईची मजुरी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात बचत गटांसाठी कोणती प्रशिक्षणे होतात ते विचारले, तर पापड, मसाले, शिवणकाम, अगरबत्ती ही नावे येतात आणि त्यांच्या जोडीला आता साबणाचेही नाव येते. कारणे उघड आहेत. मोठे यंत्र लागत नाही, थोड्या भांडवलात सुरुवात होते, माल चार दिवसांत नासत नाही आणि साबण लागत नाही असे घर नाही. पण अशा प्रशिक्षणानंतर वर्षभराने त्याच गावी गेले, तर बहुतेक गटांनी साबण करणे सोडलेले दिसते. साचे माळ्यावर गेलेले असतात, उरलेल्या वड्या पाहुण्यांना वाटून झालेल्या असतात. का थांबलात असे विचारले की पहिले उत्तर येते, ‘खपत नाही.’ जरा बसून बोलले की दुसरे उत्तर निघते. खपत होता, पण हातात काही उरत नव्हते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या उत्तरासाठी लिहिले आहे. साबण कसा करावा हे यात सविस्तर आहेच. पण त्या वडीची किंमत कशी काढावी हा यातला मुख्य भाग आहे, आणि तो मुद्दामच शेवटच्या परिशिष्टात ढकललेला नाही. तेल ज्या काट्यावर मोजायचे, त्याच काट्याजवळ वही ठेवून खर्चही मोजायचा, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. किंमत काढता न येणाऱ्या बाईला साबण करायला शिकवणे म्हणजे तिला फुकट राबायला शिकवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही प्रस्तावना त्या मताच्या बाजूने आहे.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करू. गावोगावी ‘साबण प्रशिक्षण’ म्हणून जे होते, त्यातले बरेचसे तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतण्याचे असते. मुंबईच्या मशीद बंदरातून किंवा जवळच्या शहरातून बेस आणायचा, तुकडे करून गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचा, रंग-वास घालायचा, सिलिकॉनच्या साच्यात ओतायचा. दोन तासांत वडी तयार. यात वाईट काही नाही. हात बसतो, भीती जाते, लग्नाच्या रुखवतात किंवा हळदीकुंकवाच्या वाणात द्यायला छोट्या वड्या करता येतात. पण हा साबण ‘केलेला’ नसतो, आकार दिलेला असतो. तेल कोणते, किती, त्यात आणखी काय मिसळले आहे, हे बेस करणाऱ्या कारखान्याला माहीत असते, ओतणाऱ्या बाईला नसते. त्यामुळे तिने वेष्टनावर ‘नैसर्गिक’ लिहिले तर ते कशाच्या आधारावर, याला तिच्याकडे उत्तर नसते. शिवाय बेसचा भाव वाढला की तिच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून या पुस्तकात बेसच्या पद्धतीला एक छोटे प्रकरण दिले आहे आणि उरलेले सगळे लक्ष तेलापासून साबण करण्यावर ठेवले आहे.

तेलापासून साबण होतो तो कॉस्टिक सोड्यामुळे. हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण ‘केमिकलमुक्त साबण’ असे फलक लावून बसलेल्या अनेक ताई भेटतात. सोड्याशिवाय घट्ट वडी होत नाही. तेल आणि सोडा एकमेकांशी मिळतात तेव्हा साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रमाण बरोबर असेल तर पुरत्या मुरलेल्या वडीत मोकळा सोडा उरत नाही. मोठे कारखाने हे ग्लिसरीन वेगळे काढून विकतात, हाताच्या साबणात ते तसेच राहते. अंगाला तो मऊ लागतो याचे एक कारण हे. ‘या साबणात रसायन नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘यात काय आहे ते सगळे वेष्टनावर लिहिले आहे’ असे म्हणणारी बाई गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला घाबरत नाही.

प्रमाण बरोबर असणे ही या कामातली सर्वांत मोठी शिस्त आहे. स्वयंपाकात आपला हात अंदाजाचा असतो आणि त्या अंदाजाचा आपल्याला अभिमानही असतो. इथे अंदाज चालत नाही, वाटी-चमचा चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हे पहिले साधन. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, १ ग्रॅम एरंडेल तेलाला ०.१२८ ग्रॅम, तांदळाच्या कोंड्याच्या तेलाला या दोहोंच्या मधला पण एरंडेलाच्या जवळचा आकडा. एका तेलाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर वडी तेलकट राहील, नाही तर अंग जाळेल. म्हणून हिशेबाने निघालेल्या सोड्यातून ५ टक्के कमी घ्यायचा, म्हणजे थोडे तेल वडीत मोकळे राहते. ही सुरक्षिततेची जागा आहे. खर्च वाचवायला तिच्यात हात घालू नये.

सोडा हाताळण्याचे प्रकरण या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला सांगितले आहे. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. पाण्यात पडताच तो एवढा तापतो की भांड्याला हात लावता येत नाही. जर्मनचे पातेले वापरायचे नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे भांडे घ्यायचे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. अंगावर उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नये, वाहत्या पाण्याखाली धरावे. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटे पाणी मारत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. सोड्याच्या पापड्या पांढऱ्या, चकचकीत असतात. लहान मुलाला त्या खाण्याच्या वस्तूसारख्या दिसतात. आपल्याकडची बरीचशी घरे दोन खोल्यांची आहेत आणि स्वयंपाकाची जागा हीच कामाची जागा असते. म्हणून घरात, पोरे हाताशी असताना हे काम करू नये. ग्रामसंघाची खोली, समाजमंदिराची पडवी, कोणाचा तरी रिकामा गोठा, अशी वेगळी जागा ठरवावी आणि सोडा कुलपात ठेवावा. गटाने एकत्र काम करण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत हे पहिले मानावे.

तेलांच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. कोकणात खोबरेल आहे; त्याने वडी कडक होते आणि फेस भरपूर येतो, मात्र नुसत्या खोबरेलाची वडी अंग कोरडे करते. त्याच कोकणात आगळ-आमसुले करून उरलेल्या बियांपासून निघणारे कोकमतेल आहे. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला घराघरात ठेवलेले ते घट्ट, फिकट तेल वडीला बळ देते आणि त्वचेला मऊपणा. एरंडेल फेस टिकवते. ते शेकडा पाच-दहापेक्षा जास्त लागत नाही. गडचिरोली, नंदुरबारकडे मोहाच्या बिया आहेत. करंज आणि कडुलिंब तर बहुतेक जिल्ह्यांत आहेत. त्यांची तेले उग्र वासाची, गडद रंगाची. अंगाच्या साबणात ती थोडीच घालावीत, कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणात मोकळ्या हाताने. हा विचार नवा नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथल्या मगनवाडीत त्याचे काम उभे केले. गावात मिळणाऱ्या कच्च्या मालावर गावातच प्रक्रिया व्हावी आणि मोल गावात राहावे, हा त्या कामाचा गाभा होता. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले आणि साबण हा ग्रामोद्योगाचा स्वतंत्र विभागच मानला. रायगड जिल्ह्यात तारा इथल्या युसुफ मेहेरअली सेंटरमध्ये तेलघाणी आणि साबण एका आवारात आहेत. हे पाहिले की घाणी आणि साबण यांचे नाते पुस्तकाशिवाय समजते.

पण स्थानिक तेल म्हणजे फुकटचे तेल, असे मानू नये. बिया वेचायला, वाळवायला, फोडायला जे दिवस गेले, ते कोणाचे तरी गेले. त्यांची मजुरी तेलाच्या भावात धरली नाही, तर साबण स्वस्त दिसतो आणि ती बाई गरीब राहते.

वडीत घालायच्या जिनसांविषयी थोडेच सांगतो, कारण तो भाग पुढे रंगीत चित्रांसह आहे. हळद घातली की मिश्रण तांबडे होते, हे पाहून पहिल्यांदा करणाऱ्या ताई घाबरतात. घाबरू नये, हळदीला सोड्यासारखे अल्क भेटले की ती लाल होते, आपले कुंकूही परंपरेने हळदीला चुना लावूनच केले जाते. मुरताना तो रंग उतरून पिवळसर-तपकिरी होतो. गुलाबाच्या पाकळ्या आत घातल्या तर काळ्या पडतात. ताजा कोरफडीचा गर, काकडीचा रस, दूध यांचे प्रमाण चुकले तर वडीला वास येतो. मुलतानी माती, कडुलिंबाची पूड, वाळ्याची पूड निभावून जातात. वासासाठी गवती चहाचे तेल आपल्याकडे मिळते आणि परवडते. चंदनाचे मात्र नाव घेऊ नये. खरे चंदनतेल इतके महाग आहे की ते साध्या किमतीच्या वडीत असणे शक्यच नाही. चंदनाच्या वासाचा कृत्रिम अर्क घातला असेल तर वेष्टनावर तसेच लिहावे.

आता वजन. हा विषय कृतीचा आहे की किमतीचा, हे सांगणे कठीण आहे, कारण तो दोन्हींचा आहे. समजा, १ किलो तेल घेतले : ५०० ग्रॅम खोबरेल, ४०० ग्रॅम तांदळाच्या कोंड्याचे, १०० ग्रॅम एरंडेल. ५ टक्के सूट धरून त्याला साधारण १५० ग्रॅम सोडा लागतो आणि ३०० ग्रॅम पाणी. सगळे मिळून १४५० ग्रॅम. बहुतेक जणी म्हणतात, चौदा वड्या झाल्या. होत नाहीत. वडी चार ते सहा आठवडे मुरते तेव्हा तिच्यातले पाणी उडते आणि वजन शंभराला दहा-पंधराने उतरते. शंभर ग्रॅमची कापलेली वडी महिन्याने पंच्याऐंशी-नव्वदची असते. वेष्टनावर १०० ग्रॅम छापले आणि आत ८८ निघाले, तर तो वजनमापाच्या कायद्याचा भंग आहे आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून वड्या १२० ग्रॅमच्या कापायच्या. घाणा बाराचा होतो, चौदाचा नाही. हा दोन वड्यांचा फरक ज्या गटाने धरला नाही, त्याचा सगळा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकला.

हाच घाणा पुढे नेऊ. खालचे दर उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचताना आपल्या बाजारातले दर घालावेत. खोबरेल किलोला ४०० रुपये धरले तर अर्ध्या किलोचे २००. कोंड्याच्या तेलाचे ६०, एरंडेलाचे २५, सोड्याचे १८, गवती चहाच्या तेलाचे ५४, हळद-पुडीचे ५. झाले ३६२ रुपये. बारा वड्यांत वाटले की वडीमागे तीस रुपये येतात. इथे वही मिटते. ‘तीसला पडला, चाळीसला विकू, दहा रुपये सुटले’ असा हिशेब होतो आणि गटात समाधान पसरते.

मिटलेली वही परत उघडू. वेष्टनाचा कागद, लेबल, दोरी, वडीमागे सहा रुपये धरले तरी ७२ झाले. गॅस, वीज, हातमोजे, साच्याची झीज, तेल आणायचे एसटीचे भाडे, घाण्यामागे २० रुपये. एकूण ४५४. चाळीसच्या भावाने बारा वड्यांचे ४८० आले. उरले २६ रुपये. आता तेल मोजणे, ढवळणे, ओतणे, दुसऱ्या दिवशी कापणे, महिनाभर उलटसुलट करणे, गुंडाळणे, भांडी घासणे हे सगळे मिळून अडीच तास धरा. एका तासाला दहा रुपये पडतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. म्हणजे उद्योजिका म्हणून जिचा सत्कार झाला, ती रोजगार हमीवर खड्डे खणणाऱ्या तिच्याच शेजारणीच्या एक चतुर्थांश मजुरीवर काम करते आहे. आणि तिला ते माहीत नाही, कारण तिची मजुरी वहीत कुठे लिहिलेलीच नाही.

मजुरी लिहून पाहू. कसबी काम आहे, तासाला ५० धरा. अडीच तासांचे १२५. आता ५७९ झाले. एखादा घाणा फाटतो, एखादी वडी तडकते, एखादी नमुना म्हणून द्यावी लागते. त्यासाठी ५ टक्के, म्हणजे २९. एकूण ६०८, वडीमागे ५१ रुपये. ही पडती किंमत. विक्रीची किंमत अजून पुढे आहे. दुकानात ठेवायचे तर दुकानदार छापील किमतीतले शंभराला पंचवीस-तीस ठेवून घेतो. छापील किंमत ८० ठेवली आणि त्याने तीस टक्के घेतले, तर गटाला ५६ मिळतात. वडीमागे ५ रुपये नफा. हा नफा मजुरीहून वेगळा आहे, आणि तो गटाचा आहे. नवा साचा, दुसरा काटा, पुढच्या महिन्यात महागलेले तेल यांसाठी तो लागतो. मजुरी म्हणजेच नफा, असे समजणारा गट दुसऱ्या वर्षी भांडवल खाऊन संपतो.

प्रदर्शनात थेट विकताना ८० चे ८० हातात येतात, म्हणून तिथे ६० ला द्यायचा मोह होतो. देऊ नये. वांद्र्याला महालक्ष्मी सरसमध्ये किंवा पुण्याला भीमथडी जत्रेत स्टॉल लावायचा तर प्रवास, राहणे, जेवण, आणि घर सोडून काढलेले ते सगळे दिवस त्या वीस-चोवीस रुपयांतूनच भागायचे असतात. शिवाय ज्या दुकानदाराने तुमची वडी ८० ला मांडली आहे, त्याच्या गिऱ्हाइकाला तुम्ही ६० ला दिली, तर तो पुढच्या खेपेला माल घेत नाही. त्याचे बरोबरच आहे.

दाम जितका महत्त्वाचा, तितकाच काळ. आज ओतलेली वडी महिन्या-दीड महिन्याने विकायजोगी होते. दुकानदार पैसे आणखी महिन्याने देतो. म्हणजे आज तेलात घातलेले पैसे परत यायला दोन-अडीच महिने लागतात, आणि तोवर पुढचे घाणे थांबवता येत नाहीत. गटातून अंतर्गत कर्ज काढले असेल तर महिन्याला शेकडा दोनप्रमाणे व्याजही चालू राहते. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर वड्या मुरायलाच मागत नाहीत. हवेतली ओल ओढून त्यांच्यावर घामासारखे थेंब येतात. आणि मोठे गिऱ्हाईक तर दिवाळीचे. आपल्याकडे अभ्यंगाला उटणे आणि नवा साबण लागतोच, मोती साबणाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्यातूनच झाली. त्या दिवाळीसाठी ओतकाम गणपतीपर्यंत उरकलेले असावे लागते, म्हणजे तेलाची खरेदी श्रावणात, जेव्हा शेतीच्या खर्चाने घरात पैसा नसतो. हे वेळापत्रक प्रशिक्षणात शिकवले जात नाही. या पुस्तकात बारा महिन्यांचा तक्ता दिला आहे. पेरणी, भात लावणी, सण, परीक्षा हे सगळे त्यात धरले आहे, कारण साबण करणाऱ्या बाईला दुसरीही कामे असतात.

किमतीचा सर्वांत अवघड भाग कागदावर नाही, तोंडात आहे. वहीत ८० लिहिणारी ताई गिऱ्हाइकासमोर आवाज खाली आणते आणि न विचारता म्हणते, ‘तुमच्यासाठी पन्नास.’ समोरची म्हणालेली असते, ‘बाहेर तर साबण दहा रुपयांपासून मिळतो.’ या वाक्याला उत्तर द्यायला शिकवणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. दहा रुपयांची वडी यंत्रावर लाखांनी निघते, तिची स्पर्धा आपल्याशी नाही. आपल्या वडीत कोणती तेले आहेत, ती कधी ओतली, किती दिवस मुरली, कोरडी ठेवली तर किती दिवस चालते, हे शांतपणे सांगता आले पाहिजे. आणि तरीही ज्याला दहाचीच हवी, त्याला हसून जाऊ द्यावे. आपल्या बायकांना लहानपणापासून देताना हात मोकळा ठेवायची सवय लावलेली असते, मागताना मात्र संकोच. म्हणून प्रत्येक वर्गात एक तास नुसता किंमत सांगण्याच्या सरावाचा ठेवा, अशी प्रशिक्षिकांना माझी विनंती आहे. एकीने गिऱ्हाईक व्हावे, घासाघीस करावी. दुसरीने किंमत सांगून गप्प राहायला शिकावे. सुरुवातीला हशा पिकतो. नंतर आवाज स्थिर होतो.

कायद्याचा भाग अनेकजणी टाळतात, म्हणून तो इथेच सांगतो. विक्रीसाठी अंगाचा साबण करणे म्हणजे सौंदर्यप्रसाधनाचे उत्पादन करणे. त्यासाठी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. जागा, स्वच्छता, नोंदी आणि देखरेखीसाठी पात्र माणूस यांच्या अटी आहेत. रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली गावातली मुलगीही या देखरेखीच्या कामाला उपयोगी पडू शकते. वेष्टनावर निव्वळ वजन, छापील किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, करणाऱ्याचे नाव-पत्ता, घटक हे लागते. ‘खरूज जाते’, ‘मुरुमे बरी होतात’ असे छापले की वस्तू औषध ठरते आणि वेगळा परवाना मागते. म्हणून असे दावे करूच नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान गटाला ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण कच्च्या मालावर भरलेला कर त्याला परत मिळत नाही, तेव्हा तो खर्चात धरावा.

परवान्याचा खर्च आणि अटी पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. दहा बायकांच्या एका गटाला हे झेपणारे नाही, आणि प्रत्येक गटाने वेगळा परवाना काढण्यात अर्थही नाही. आसपासच्या गावांतल्या गटांचा मिळून जो प्रभागसंघ असतो, त्याने एक जागा, एक परवाना, एक काटा, एक कुलूपबंद सोड्याची खोली उभी करावी आणि त्या गटांनी पाळीने तिथे ओतकाम करावे. पंचवीस गावांचे तेल एकत्र घेतले तर भाव पाडून मिळतो. एकाच वेळी पाच घाणे केले तर घाण्यामागचे तास निम्म्यावर येतात. वर काढलेल्या ५१ रुपयांतले सात-आठ रुपये इथेच कमी होऊ शकतात. मजुरी कापून किंमत उतरवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सरळ आहे. महाराष्ट्रात यासाठी लागणारी माणसांची बांधणी आधीच आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, नाबार्डची गट-बँक जोडणी १९९२ पासून, राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ २०११ पासून. गावोगावी गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. कमतरता आहे ती प्रशिक्षणाच्या मोजमापात. किती जणी शिकल्या हे मोजले जाते. वर्षाने किती जणी करत आहेत आणि त्यांना तासाला काय सुटते, हे कोणी विचारत नाही. ज्या दिवशी प्रशिक्षणाच्या अहवालात हा एक रकाना वाढेल, त्या दिवशी प्रशिक्षणे आपोआप बदलतील.

या पुस्तकाचा क्रमही त्याच विचाराने लावला आहे. पहिल्या दिवशी साबण नाही. पहिल्या दिवशी बाजारात जाऊन तेलांचे भाव लिहून आणायचे, दोन दुकानदारांना त्यांचा हिस्सा विचारायचा आणि परत येऊन कोरे किंमतपत्रक भरायचे. दुसऱ्या दिवशी सोड्याची ओळख आणि पहिला घाणा. मग वर्ग थांबतो आणि महिन्याने पुन्हा भरतो, मुरलेल्या वड्या तोलायला, वापरून पाहायला आणि पत्रक दुरुस्त करायला. काही प्रशिक्षिकांना ही मधली महिन्याची फट गैरसोयीची वाटेल, कारण प्रशिक्षणाचा निधी सलग दिवसांसाठी येतो. पण साबण सलग दिवसांत होत नाही, त्याला इलाज नाही. निधी देणाऱ्यांनी ती फट मान्य करावी.

वाचणाऱ्या ताईंना एवढेच सांगणे आहे. पुस्तकाच्या शेवटी किंमतपत्रकाचे कोरे पान जोडले आहे. त्याच्या भरपूर झेरॉक्स काढा. तेलाचा पहिला डबा आणण्याआधी एक पान भरा, आणि त्यातला ‘माझी मजुरी’ हा रकाना सगळ्यांत आधी भरा. खोबरेलाचे भाव दर दोन-तीन महिन्यांनी हलतात, तेव्हा दर तिमाहीला नवे पान भरून गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. पत्रक भरून वडी परवडत नाही असे दिसले, तर ती वडी करू नका. तेलांचे प्रमाण बदला, चार गट एकत्र या, किंवा दुसरा धंदा निवडा.